उंच पर्वतातील शेती : लडाखचे शेतकरी पाणी, चारा आणि उबेची वेळ कशी जुळवतात?

समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंची, वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मि.मी. पाणी आणि हिवाळ्यात उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास जाणारे तापमान. लेह परिसराचे हे आकडे पाहिले, तर तिथे शेती होत असेल यावर विश्वास बसत नाही. आपल्या राज्यातील दुष्काळी पट्ट्यातही सरासरी चारशे-पाचशे मि.मी. पाऊस पडतो. तरीही लडाखमधील गावे शेकडो वर्षांपासून सातू (जव), गहू, वाटाणा, भाजीपाला आणि जर्दाळू पिकवत आली आहेत.

हे कसे जमले? तिथली माणसे काटक आहेत, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर लडाखची खरी अडचण वेगळी आहे. तिथे ऊन भरपूर आहे, हिमनद्यांत पाणी आहे, उन्हाळ्यात कुरणात गवतही आहे. पण यातली बहुतेक गोष्ट गरजेच्या वेळी मिळत नाही. पेरणीला पाणी हवे तेव्हा ते गोठलेले असते. जनावरांना चारा हवा तेव्हा कुरणे बर्फाखाली असतात. म्हणून तिथल्या शेतीतील जवळजवळ प्रत्येक पद्धत एकच काम करते : एका वेळी मिळालेली गोष्ट दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवणे. या लेखात आपण ते कसे होते हे समजून घेऊ.

उंची वाढली की शेतीसाठी काय बदलते?

साधारणपणे दर १००० मीटर उंचीला हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी कमी होते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. लेह त्याच्या दुपटीहून उंचावर वसले आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. याचे शेती आणि घर या दोन्हींवर होणारे परिणाम असे :

- हंगाम छोटा होतो. लेहच्या आसपास पेरणी साधारण एप्रिलअखेर ते मे महिन्यात आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. वर्षात एकच पीक मिळते. तुर्तुक किंवा दाह-हनूसारख्या कमी उंचीच्या गावांत सातूनंतर कुट्टूसारखे दुसरे पीक घेता येते.
- हवा विरळ आणि कोरडी असल्याने ऊन प्रखर असते. दिवसा पिकाला भरपूर प्रकाश मिळतो, रात्री थंडीमुळे पिकाचे श्वसन मंदावते. त्यामुळे पाणी आणि खत वेळेवर मिळाले तर दाणा चांगला भरतो.
- मैदानातील उष्णता साठवणारी दमट हवा इथे नसते. सूर्य मावळला की जमीन वेगाने थंड होते, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक राहतो.
- पाणी १०० ऐवजी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. त्यामुळे डाळ-तांदूळ शिजायला वेळ आणि इंधन जास्त लागते. झाडे मोजकी असलेल्या प्रदेशात ही गोष्ट पिकाची निवड ठरवणारी आहे.

माणसाच्या शरीराचाही यात वाटा आहे. हवेत प्राणवायू कमी मिळाला की मैदानातून गेलेल्या माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढू लागते, रक्त दाट होते. तिबेटच्या पठारावरील लोकांमध्ये ईपीएएस-१ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यामुळे त्यांचे हिमोग्लोबिन फार वाढत नाही. हे संशोधन २०१० मध्ये पुढे आले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात मात्र लोकांचे शरीर वेगळ्या मार्गाने जुळले. तिथे हिमोग्लोबिन वाढलेलेच दिसते. म्हणजे एकाच अडचणीवर शरीराने दोन ठिकाणी दोन उत्तरे शोधली. पण शरीराने श्वासाचा प्रश्न सोडवला तरी पोटाचा प्रश्न उरतोच. तो शेतीनेच सोडवावा लागला.

रात्रीचे पाणी दिवसासाठी

लडाखमधील गावे हिमनदी किंवा बर्फातून येणाऱ्या ओढ्याच्या काठी वसलेली आहेत. पावसावर तिथे पीक येत नाही, सगळी शेती सिंचनावर आहे. ओढ्याचे पाणी ‘युरा’ म्हणजे पाटांतून शेतापर्यंत आणले जाते. डोंगराच्या उतारावर दगड-मातीत कोरलेले हे पाट काही ठिकाणी अनेक किलोमीटर लांब आहेत. दरवर्षी हंगामापूर्वी सगळे गाव मिळून ते दुरुस्त करते.

बर्फ दिवसा वितळते. ते पाणी ओढ्यातून खाली यायला वेळ लागतो आणि त्यातले बरेच रात्री वाहून जाते. रात्रीच्या अंधारात, थंडीत छोट्या-छोट्या वाफ्यांना पाणी देणे अवघड. म्हणून शेतांच्या वरच्या बाजूला ‘झिंग’ म्हणजे छोटे तळे बांधतात. रात्री आलेले पाणी त्यात जमते, सकाळी तोंड उघडले की ते चांगल्या प्रवाहाने शेतात जाते. याचा आणखी एक फायदा आहे. बारीक धारेने सोडलेले पाणी वाळूमिश्रित जमिनीत पाटातच मुरून जाते. तळ्यातून एकदम सोडलेले पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचते. रात्रभर साठलेल्या पाण्याचा गारठाही थोडा कमी होतो.

तळे बांधले म्हणजे काम संपत नाही. पाणी कोणाला, कधी आणि किती वेळ, हे ठरवण्यासाठी गावे ‘चुरपोन’ नेमतात. हा पाणी वाटणारा माणूस गावातलाच असतो. बहुतेक गावांत हे काम घराघरांत पाळीने फिरते. पाळी मोडून पाणी घेतले तर दंड होतो. जनावरे पिकात शिरू नयेत यासाठी वेगळा राखणदार असतो, त्याला ‘लोरापा’ म्हणतात. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या ज्या प्रकारे काम करतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था लगेच ओळखीची वाटेल.

हिवाळ्याचे पाणी पेरणीसाठी

खरी कोंडी एप्रिल-मे महिन्यात होते. हंगाम छोटा असल्याने पेरणी लांबवता येत नाही. पेरणी लांबली तर दाणा पक्व होण्याआधीच थंडी गाठते. पण मोठ्या हिमनद्या बऱ्याच उंचावर असल्याने त्या जूनच्या सुमारास वितळू लागतात. दुसरीकडे हिवाळ्यात ओढ्यांतून थोडे पाणी सतत वाहत असते, तेव्हा ते कोणालाच नको असते.

लडाखमधील स्थापत्य अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून या विसंगतीवर काम केले. त्यांची कृत्रिम हिमनदीची पद्धत साधी आहे. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी पाटाने वळवून डोंगराच्या सावलीतील उतारावर आणायचे. तिथे ओळीने दगडी बांध घालून त्याचा वेग कमी करायचा. संथ आणि उथळ पाणी लवकर गोठते, थरावर थर चढतो. ही जागा नैसर्गिक हिमनदीच्या खाली आणि गावाच्या वर निवडलेली असते. कमी उंचीमुळे हा बर्फ आधी वितळतो आणि नेमके पेरणीला पाणी मिळते. या कामासाठी नोर्फेल यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या पद्धतीला सावली आणि योग्य उंची लागते. ती प्रत्येक गावाजवळ मिळत नाही. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून ‘बर्फाचा स्तूप’ या पर्यायाचे प्रयोग केले. ओढ्याच्या वरच्या भागातून पाणी जमिनीत पुरलेल्या पाइपने खाली आणतात. उंचीच्या फरकामुळे पाइपच्या टोकाशी पाणी पंपाशिवाय कारंज्यासारखे उडते आणि खाली पडताना गोठते. त्याचा शंकूसारखा ढीग तयार होतो. सपाट पसरलेल्या बर्फापेक्षा शंकूमध्ये तेवढ्याच बर्फाला ऊन कमी जागेवर लागते, म्हणून तो उघड्यावरही उशिरापर्यंत टिकतो. पाइपमध्येच पाणी गोठणे ही यातील मोठी अडचण आहे, त्यामुळे हिवाळाभर लक्ष ठेवावे लागते.

याहून जुनी आणि बिनखर्चाची एक युक्ती झांस्कर आणि लाहौलच्या शेतकऱ्यांकडे आहे. वसंतात शेतावरचा बर्फ लवकर वितळावा म्हणून ते त्यावर माती किंवा राख पसरतात. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळपट माती ते शोषते. त्यामुळे शेत काही दिवस आधी मोकळे होते. चार महिन्यांच्या हंगामात या काही दिवसांचे मोल मोठे आहे. पेरणीसाठी वापरायची माती हिवाळ्यापूर्वीच घरात काढून ठेवलेली असते, कारण नंतर जमीन गोठते.

सातूच का?

उंचावरचे मुख्य पीक सातू आहे, त्यातही टरफल दाण्याला चिकटून न राहणारा ‘नंगा’ सातू. मळणी केली की दाणा सुटा होतो, कांडण्याचे काम वाचते. हे पीक थंडी सहन करते आणि गव्हापेक्षा लवकर तयार होते. म्हणूनच गहू जिथे भरवशाचा राहत नाही त्या उंचीवरही सातू येतो.

पुढची प्रक्रियाही तितकीच महत्त्वाची आहे. सातू कढईत तापलेल्या वाळूत भाजतात आणि ‘रंतक’ म्हणजे ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळतात. या पिठाला लडाखीत ‘ङम्फे’ म्हणतात. आपल्याकडच्या सातूच्या पिठासारखेच ते भाजलेले असल्यामुळे पुन्हा शिजवावे लागत नाही. मीठ-लोण्याच्या चहात किंवा ताकात कालवले की जेवण तयार. पाणी ८८ अंशांना उकळते आणि सरपण दुर्मिळ आहे, अशा ठिकाणी एकदाच भाजून बरेच दिवस खाता येणारे अन्न हा इंधनाचा मोठा बचाव आहे. सातूचा पेंढा जनावरांना जातो.

कमी उंचीच्या गावांत जर्दाळू हे मुख्य फळपीक आहे. फळे घराच्या सपाट धाब्यावर वाळवली जातात. कोरडी हवा आणि कडक ऊन यामुळे वेगळ्या यंत्राची गरज पडत नाही. बियांतील गर खातात, त्याचे तेलही काढतात. पांढऱ्या बियांच्या ‘रक्त्से कार्पो’ या गोड वाणाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ‘रक्त्से’ म्हणजे बी आणि ‘कार्पो’ म्हणजे पांढरे.

उन्हाळ्याचा चारा हिवाळ्यासाठी

गावाभोवती चराई कमी असल्याने उन्हाळ्यात जनावरे उंच कुरणांवर नेली जातात. घरातील काही माणसे तिथेच राहून दूध, लोणी आणि वाळवलेले चीज तयार करतात. त्याच वेळी गावाकडे लसूणघास कापून, वाळवून, पेंढ्या बांधून धाब्यावर रचला जातो. हिवाळ्यातील जनावरांची संख्या या साठ्यावर ठरते. चारा जितका तितकीच जनावरे, हा हिशेब पाळला नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

जनावरांची निवडही उंचीप्रमाणे आहे. याक फार उंचावर चांगला राहतो, गाय खालच्या भागात. दोघांच्या संकरातून मधल्या उंचीला योग्य जनावर मिळते. त्यातील नराला ‘झो’ आणि मादीला ‘झोमो’ म्हणतात. झो नांगराला चांगला असतो पण प्रजननक्षम नसतो. झोमो गायीपेक्षा काटक आणि दुधाला चांगली असते. त्याहून वर, चांगथांगच्या ४००० मीटरहून उंच पठारावर शेती जवळजवळ होतच नाही. तिथले चांगपा पशुपालक शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन वर्षात अनेकदा तळ हलवतात. कडाक्याच्या थंडीपासून बचावासाठी शेळीच्या अंगावर येणारी मऊ आतली लव म्हणजेच पश्मिना. ती ऊन वाढू लागले की विंचरून काढली जाते. पूर्वी हे पशुपालक लोकर आणि मीठ देऊन खालच्या गावांतून सातू घेत. एकाच उंचीवर सगळे मिळत नाही म्हणून वेगवेगळ्या उंचीच्या लोकांनी एकमेकांशी देवघेव ठेवली.

शेण इंधनाला जात असल्यामुळे शेताला खत कमी पडते. यावर लडाखी घरांतील कोरडा संडास हे उत्तर आहे. वरच्या मजल्यावरील खोलीत जमिनीला भोक असते आणि बाजूला मातीचा ढीग. प्रत्येक वापरानंतर माती आणि राख टाकतात. खालच्या खोलीत त्याचे खत तयार होते आणि ते शेतात जाते. पाणी अजिबात लागत नाही आणि अन्नद्रव्ये जमिनीत परत येतात. मूळच्या वाळूमिश्रित, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत पिढ्यानपिढ्या पीक येत राहिले, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

दिवसाची ऊब रात्रीसाठी

हिवाळ्यात रस्ते बंद झाले की ताजी भाजी मिळत नाही. बटाटा, मुळा, गाजर, सलगम आणि कोबी जमिनीखालच्या खड्ड्यांत किंवा तळघरात ठेवण्याची जुनी पद्धत आहे. काही फूट खोल जमिनीत तापमान फार उतरत नाही, त्यामुळे माल गोठत नाही.

गेल्या काही दशकांत सौरऊर्जेवर तापणारी हरितगृहे वाढली आहेत. त्यांची रचना आपल्याकडच्या पॉलिहाऊसपेक्षा वेगळी असते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूला मातीच्या विटांच्या जाड भिंती, दक्षिणेकडे उतरते प्लॅस्टिक. दिवसा ऊन आत येऊन भिंत तापवते, रात्री तीच ऊब आत सोडली जाते. रात्री प्लॅस्टिकवर आच्छादन टाकतात. बाहेर सगळे गोठलेले असताना आत पालक, कोथिंबीर, मोहरी यांसारख्या पालेभाज्या येतात, त्याही हीटरशिवाय. लेहमधील डीआरडीओच्या उच्च उंची संशोधन संस्थेने अशा शेतीवर बराच काळ काम केले आहे.

जमिनीचे तुकडे आणि माणसांची मदत

पाट जेवढ्या जमिनीला पाणी देऊ शकतो तेवढीच शेती शक्य. ती वाढवता येत नाही, त्यामुळे वाटण्या झाल्या तर कोणाचेच घर चालणार नाही. जुन्या लडाखी समाजात घर आणि जमीन अखंड थोरल्याकडे जाई. अनेक कुटुंबांत भावांचे लग्न एकाच स्त्रीशी होई. या बहुपतित्वाला १९४१ मध्ये कायद्याने बंदी आली. मुलाने कारभार हाती घेतला की आई-वडील ‘खांगु’ म्हणजे शेजारच्या छोट्या घरात जात, त्यांच्यासाठी थोडे शेत बाजूला काढलेले असे. या रूढीत धाकट्या मुलांना आणि स्त्रियांना आपल्या आयुष्याबद्दल ठरवायला फारशी जागा नव्हती. धाकटे अनेकदा मठात जात. त्यामुळे तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण तिच्यामागचा प्रश्न आपल्याला परका नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडेही १९४७ मध्ये कायदा करावा लागला.

पेरणी आणि काढणी थोड्या दिवसांत उरकायची असल्याने घरे एकमेकांना श्रम देतात. या देवघेवीला ‘बेस’ म्हणतात. आपल्याकडच्या सावडीसारखीच ही पद्धत आहे.

आज काय बदलते आहे?

लहान हिमनद्या मागे हटत आहेत आणि हिवाळी बर्फाचा भरवसा कमी झाला आहे. झांस्करमधील कुमिक गावाचा ओढा इतका आटला की गावकऱ्यांनी खाली मार्थांग येथे नव्याने वस्ती करायचे ठरवले. दुसऱ्या टोकाला, ऑगस्ट २०१० मध्ये लेहजवळ ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. कमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली मातीची घरे त्या पाण्यापुढे टिकली नाहीत.

बदल फक्त हवामानाचा नाही. स्वस्त धान्य दुकानांतून तांदूळ मिळू लागल्यावर सातूचे क्षेत्र घटले. तरुण पर्यटन आणि नोकरीकडे वळले, त्यामुळे पाट दुरुस्तीला माणसे कमी पडतात. पाण्याचे संडास आले तसे भूजल जास्त उपसले जाऊ लागले आणि शेताचे खतही गेले. कृत्रिम हिमनदी असो वा बर्फाचा स्तूप, तिची देखभाल आणि तिच्या पाण्याची वाटणी करणारे गाव जागेवर नसेल तर ती काही हंगामांत बंद पडते.

आपल्या शेतासाठी काय घेता येईल?

लडाखच्या पद्धती जशाच्या तशा आपल्याकडे चालणार नाहीत. पण आपलाही बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि गरज बारा महिने असते. म्हणून पुढील गोष्टी आपल्या शेतावर तपासून पाहा :

- वर्षाचे वेळापत्रक कागदावर मांडा. पाणी, चारा, मजूर आणि पैसा कोणत्या महिन्यात जास्त आहे आणि कोणत्या महिन्यात कमी पडतो, हे लिहा. साठवणुकीची योजना त्यावरून ठरते.
- वीज रात्रीची असेल तर झिंगप्रमाणे छोटी साठवण टाकी किंवा अस्तरीत तळे उपयोगी पडते. रात्री भरा, दिवसा योग्य दाबाने ठिबकला द्या.
- जनावरांची संख्या हिरव्या चाऱ्याच्या महिन्यांवर नव्हे, तर एप्रिल-मेमधील चाऱ्यावर ठरवा. जास्तीच्या मक्याचा मुरघास पावसाळ्यातच करून ठेवा.
- पीक निवडताना उत्पादनाबरोबर काढणीनंतरचे श्रम, इंधन, साठवण आणि मिळणारा कडबाही हिशेबात घ्या.
- गावतळे, बंधारा किंवा सामूहिक विहीर बांधण्याआधी पाणी कोण वाटणार, पाळी कशी लागणार आणि दुरुस्तीला कोण येणार, हे ग्रामसभेत लिहून ठरवा. बांधकामाला निधी मिळू शकतो. चुरपोन मात्र गावालाच नेमावा लागतो.